थोर बॉक्सर किती वरच्या वजनगटात टिकू शकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडं बॉक्सिंग शिकायला येणारी बरीच पोरं आधी तालमीत घाम गाळून आलेली असतात आणि त्यांचे वडील-काका कुस्तीच्या मैदानांवर वाढलेले असतात. त्यामुळं इथं हा प्रश्न एका ठरावीक सुरात येतो: "गडी भारी असेल तर वजनाचं काय एवढं?" पहिल्या भागातली उत्तरं जगातल्या गाजलेल्या लढतींबद्दल आहेत, नंतरची आपल्या पोरापोरींच्या वजनाबद्दल. नुसता खुराक बघायचा असेल तर सरळ खाली जा.

एका दमात सांगा: महान बॉक्सर खूप जड गटात जिंकतो की नाही?

एक-दोन गट वर जाऊन जिंकणं नेहमी घडतं. तीन-चार गट वर जाणं काही वर्षांच्या अवधीत आणि अंगकाठी साथ देत असेल तरच जमतं. एकाच उडीत तीन गट ओलांडून तिथल्या अव्वल गड्याला हरवणं मात्र जवळजवळ घडत नाही.

यातला "अव्वल" हा शब्द विसरू नका. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना आहेत आणि प्रत्येकीचा प्रत्येक गटात वेगळा पट्टा असतो. त्यामुळं "अमक्यानं इतक्या गटांत जगज्जेतेपद मिळवलं" हे वाक्य अर्धंच असतं. चार विजेत्यांपैकी त्यानं कोणाला गाठलं आणि कोणाला टाळलं, हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

गट किती आणि त्यांच्यात अंतर किती?

व्यावसायिकांत परंपरेनं १७ गट आहेत. सगळ्यात हलका १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोचा. ओळखीचे काही: फ्लायवेट ५०.८ किलो, फेदरवेट ५७.२, लाइटवेट ६१.२, वेल्टरवेट ६६.७, मिडलवेट ७२.६, लाइट हेवीवेट ७९.४, क्रूझरवेट ९०.७. त्याच्या पुढं हेवीवेट, ज्याला वरची मर्यादा नाही. खालच्या गटांत दोन पायऱ्यांमधलं अंतर दीड-दोन किलोचं असतं, वर ते वाढत जातं. लाइट हेवी ते क्रूझर ही एकच पायरी ११ किलोंची आहे. म्हणून "तो पाच गट वर गेला" असं ऐकलं की आधी किलो विचारा. खालचे पाच गट मिळून जेमतेम आठ किलो होतात.

कुस्तीत लहान गडी मोठ्याला चीत करतो. बॉक्सिंगमध्ये का नाही?

कुस्तीत मोठ्याचं वजन त्याच्यावरच उलटवता येतं. तो अंगावर आला की खाली शिरून एकेरी पट काढा, ढाक मारा, कलाजंग भरा. त्याच्याच रेट्यानं तो जातो. शिवाय निकाली कुस्तीत एक डाव लागला की खेळ संपतो. कुंडलच्या मैदानात शेवटची जोड बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

बॉक्सिंगमध्ये पकडून पाडायची सोय नाही. प्रतिस्पर्धी पुढं येताना मारलेला ठोसा जास्त लागतो हे खरं, पण तेवढ्यावर १२ राऊंड निघत नाहीत. दुसरं म्हणजे जड माणसाचा ठोसा गार्डवर घेतला तरी दंड आणि कोपर सोलून निघतात. सहाव्या-सातव्या राऊंडला हात खाली येतात आणि मग डोकं उघडं पडतं.

आणि कुस्तीतही वजनाला किंमत नव्हती असं समजू नका. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक जिंकले. ५२ किलोंच्या गटातून ५७ च्या गटात, म्हणजे चार वर्षांत एक पायरी. मैदानात पंचकमिटी जोड लावते तेव्हाही आधी वय, वजन आणि पल्लाच बघते.

वजन वाढवलं की ठोसाही तेवढाच जड होतो ना?

नाही. ठोशाचा जोर हाताच्या वेगावर आणि त्याच्यामागं टाचेपासून खांद्यापर्यंत किती अंग नेमक्या क्षणी येतं यावर ठरतो. पोटावर आणि मांड्यांवर चढलेले पाच किलो त्या साखळीत येत नाहीत, उलट तेच वाहून न्यावे लागतात. दंड-छातीवर घाईघाईनं चढवलेले स्नायूसुद्धा फारसे कामाचे नाहीत. ताकद पाय आणि कमरेतून निघते, हात फक्त ती पोचवतो.

इथं एक गणित समजून घ्यायला हवं. शरीर मोठं होतं तेव्हा वजन घनफळाच्या प्रमाणात वाढतं, पण स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या, म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं: स्वतःच्या वजनाच्या साडेचार पट. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं २०२१ मध्ये ४९२ किलोंचा जागतिक विक्रम केला तेव्हा त्याचं स्वतःचं वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढं होतं, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास. वजनाच्या हिशेबात हलका गडी जास्त ताकदवान आणि चपळ असतो, आणि छोट्या गटातले बॉक्सर बघताना आपण भारावतो ते याच गुणामुळं. पण रिंगमध्ये वजनाच्या किती पट हे मोजत नाहीत. समोरच्याच्या जबड्यावर एकूण किती आदळलं तेवढंच खरं, आणि त्यात मोठाच पुढं असतो.

मार सोसण्याची ताकद वाढवता येते का?

मान मजबूत करता येते आणि केलीच पाहिजे. ठोसा लागल्यावर डोकं गर्रकन फिरतं, मेंदूला झटका बसतो आणि माणूस कोसळतो. जाड मान आणि जड डोकं हे फिरणं कमी करतात. मोठ्या गटातल्या माणसाला हे दोन्ही जन्मजात मिळालेलं असतं. बाकी "जबडा पक्का होतो" वगैरे बोलण्यात तथ्य नाही. मार खाऊन सवय होत नाही, नुकसान साठत जातं.

पॅकियाओनं आठ गटांत विजेतेपद मिळवलं. मग वजनाची सबब कशाला?

हे उदाहरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे, कारण दोन्ही बाजूंचे लोक हेच पुढं करतात.

मॅनी पॅकियाओ १९९५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा त्याचं वजन ४८ किलोंच्या आसपास होतं. डब्ल्यूबीसीचं फ्लायवेट विजेतेपद १९९८ मध्ये, आयबीएफचं सुपर बँटम २००१ मध्ये. २००८ मध्ये त्यानं मार्केझला हरवून सुपर फेदरवेट, मग डेव्हिड डियाझला हरवून लाइटवेट जिंकलं आणि त्याच डिसेंबरमध्ये ऑस्कर डे ला होयाला वेल्टरवेटमध्ये खुर्चीतून उठू दिलं नाही. २००९ ला हॅटन आणि कोटो, २०१० ला मार्गारिटो. पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्यापर्यंत १२ वर्षं गेली. सुरुवातीला तो वाढीच्या वयातला, पोटभर खायला न मिळालेला मुलगा होता. खालच्या गटांत तो वजन उतरवून, अंगातलं पाणी काढून खेळत होता. म्हणजे वर जाताना तो काही अंशी आपल्या खऱ्या वजनाकडंच चालला होता.

आता अटी बघा. कोटोशी लढत ६६.७ ऐवजी ६५.८ किलोंच्या ठरवून घेतलेल्या वजनावर झाली. मार्गारिटोशी ६९.९ च्या गटाचा पट्टा पणाला होता, पण करार ६८ किलोंचा. वजनकाट्यावर पॅकियाओ ६५.६ भरला, म्हणजे गटाच्या मर्यादेपेक्षा चार किलोंनी कमी. लढतीच्या रात्री तो ६७ आणि मार्गारिटो ७५ किलोंचा होता. तरी पॅकियाओनं १२ राऊंड त्याला झोडपलं आणि त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. हे कौशल्य अफाटच. पण मार्गारिटो संथ होता, सरळ रेषेत पुढं येणारा होता आणि हात सोडून चालणारा होता. मोठ्या गटातला तेवढाच तरबेज, पाय चालवणारा गडी त्या रात्री समोर नव्हता.

तिसरी गोष्ट कोणी फारशी मोजत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कोटोला थांबवल्यानंतर पॅकियाओला पुढची लढत वेळेआधी संपवायला २०१८ साल उजाडलं, मॅथिसेविरुद्ध. मधली आठ-साडेआठ वर्षं तो वेल्टरच्या आसपासच खेळला आणि जिंकला तो गुणांवर. वेग, कोन, पाय हे सगळं वर गेलं. एका ठोशात संपवण्याची ताकद तितकी वर गेली नाही.

रॉय जोन्स हेवीवेट विजेता झाला, ते कसं?

जोन्स १९९३ मध्ये मिडलवेट विजेता होता. १ मार्च २००३ ला त्यानं जॉन रुईझला गुणांवर हरवून डब्ल्यूबीएचा हेवीवेट पट्टा घेतला. जोन्स ८७.५ किलो, रुईझ १०२.५. पंधरा किलोंचा फरक होता, पण रुईझ हा त्या काळच्या चार विजेत्यांपैकी सगळ्यात संथ, पकडून-ढकलून खेळणारा होता. दुसरा विजेता असलेल्या लेनॉक्स लुइसच्या वाटेला जोन्स गेला नाही आणि आमच्या मते ते शहाणपणाचं होतं.

किंमत मोजावी लागली ती परत येताना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टार्व्हरशी खेळायला त्याला ७९.४ वर उतरावं लागलं. चढवलेला स्नायू उतरवणं म्हणजे चरबी उतरवणं नव्हे. ती लढत तो कशीबशी गुणांवर जिंकला. मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरनं त्याला दुसऱ्या राऊंडमध्ये झोपवलं, सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सननं नवव्यात. पस्तिशीचं वय हेही कारण होतंच. पण वर जाऊन परत खाली यायचा बेत करणाऱ्यानं हे दीड वर्ष तपासून बघावं.

कोण फसले आणि नेमकं कशामुळं?

केल ब्रूक २०१६ मध्ये वेल्टरमधून थेट मिडलवेटमध्ये गोलोव्हकिनसमोर गेला. सुरुवातीला तो वेगानं पुढं होता, पण उजव्या डोळ्याची खोबण मोडली आणि पाचव्या राऊंडमध्ये त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. पुढच्या वर्षी तो पुन्हा वेल्टरला उतरून स्पेन्सशी लढला, तेव्हा दुसऱ्या डोळ्याची खोबण गेली.

त्याच २०१६ मध्ये आमिर खान वरच्या गटातल्या कॅनेलोसमोर पाच राऊंड छान नाचला आणि सहाव्यात एका उजव्या हातानं संपला. मिकी गार्सिया २०१९ मध्ये वर जाऊन वेल्टरमध्ये स्पेन्सविरुद्ध शेवटपर्यंत उभा राहिला, पण तिन्ही पंचांकडं एकही राऊंड मिळवू शकला नाही. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पोचतच नव्हता.

शुगर रे रॉबिन्सनची १९५२ ची लढत सगळ्यात शिकण्यासारखी. मिडलवेट विजेता रॉबिन्सन न्यूयॉर्कमध्ये लाइट हेवीवेट जोई मॅक्सिमशी लढला, फरक सुमारे सात किलो. रिंगमधलं तापमान चाळीस अंशांच्या घरात, सांगलीतल्या एप्रिलच्या दुपारसारखं. दहाव्या राऊंडनंतर रेफ्रीच उष्म्यानं गळाला आणि बदलावा लागला. रॉबिन्सन तिन्ही पंचांकडं पुढं होता, तरी १३ व्या राऊंडनंतर उठू शकला नाही. मॅक्सिमनं त्याला ठोशांनी हरवलं नव्हतं. तो क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून उभं असताना, अंगावर वजन टाकत राहिला. प्रत्येक वेळी दहा सेकंद सात किलो जास्तीचे मानेवर-खांद्यावर घेऊन उभं राहायचं आणि सुटल्यावर पुन्हा नाचायचं. हलक्या गड्याचे पाय असे खर्ची पडतात.

हेवीवेटची गोष्ट वेगळी का?

कारण तिथं वरची मर्यादाच नाही. १९४१ मध्ये लाइट हेवी विजेता बिली कॉन जो लुइसविरुद्ध १२ राऊंड पुढं राहिला, १३ व्यात मारायला गेला आणि बाद झाला. मायकल स्पिंक्सनं १९८५ मध्ये तिथूनच येऊन लॅरी होम्सला हरवलं, पण होम्स उतरणीला लागला होता. १९८८ मध्ये माइक टायसनसमोर तोच स्पिंक्स ९१ सेकंद टिकला.

ओलेक्सांद्र उसिक हे आजचं मोठं उदाहरण. क्रूझरवेटमध्ये चारही पट्टे २०१८ पर्यंत, मग हेवीवेटमध्ये जोशुआला आणि २०२४ मध्ये दोनदा टायसन फ्युरीला हरवलं. मे महिन्यातल्या लढतीत उसिक १०१ किलो, फ्युरी ११९. मात्र उसिकची उंची १९१ सेंटीमीटर आणि हातांचा पल्ला १९८ आहे. तो लहान माणूस नाही, फ्युरीपुढं लहान दिसतो एवढंच. शिवाय वजन त्यानं वर्षानुवर्षं चढवलं.

मेवेदर ऐन भरात असता तर माइक टायसनला हरवू शकला असता का?

नाही. फ्लॉइड मेवेदर पाच गटांचा विजेता, ५९ पासून ६९.९ किलोंपर्यंत. जून २०२१ मध्ये तो लोगन पॉल या युट्यूबवाल्याशी आठ राऊंडांची प्रदर्शनी लढत खेळला. पॉल त्याच्यापेक्षा १५ किलोंहून जड, आणि बॉक्सर म्हणून अगदीच कच्चा. मेवेदर चव्वेचाळिशीचा होता हे मान्य, पण एवढ्या कच्च्या गड्यालाही तो खाली पाडू शकला नाही. आता तिथं ९९ किलोंचा भरातला टायसन उभा करून बघा.

मग एखादा वर जाऊन जिंकेल की नाही, हे कशावरून ओळखायचं?

गटाचं नाव बाजूला ठेवून आधी उंची आणि पल्ला बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्डनं ७६.२ किलोंच्या गटात कॅनेलोला गुणांवर हरवलं. लाइटवेट विजेता म्हणून सुरू झालेला माणूस, आदल्या लढतीपेक्षा दोन गट वर. कागदावर अशक्य वाटतं. पण क्रॉफर्डचा पल्ला १८८ सेंटीमीटर, कॅनेलोचा १७९, आणि उंचीतही कॅनेलो किंचित कमीच. सांगाडा वरच्या गटाचा होता, मांस मागाहून आलं.

मग बघा तो जिंकतो कशावर. नुसत्या ताकदीवर जिंकणारा वर गेला की साधारण गडी होतो. अंतर, वेळ आणि पायांवर जिंकणारा टिकतो. त्यानंतर वजन किती महिन्यांत चढवलं ते बघा, आणि आधीच्या गटात तो किती वजन उतरवून खेळत होता तेही. दहा किलो उतरवून खेळणारा एक गट वर गेला तर तो खरं तर कुठंच गेलेला नसतो.

आपल्याकडची उदाहरणं?

मेरी कोमची जागतिक सुवर्णपदकं ४५ ते ४८ किलोंमधली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सगळ्यात हलका गट ५१ किलोंचा होता, म्हणून वर जावं लागलं, कांस्य मिळालं. लव्हलिना बोर्गोहेनचं टोकियोतलं कांस्य ६९ किलोंतलं. पॅरिससाठी तो गटच उरला नाही, तेव्हा ६६ ला उतरण्यापेक्षा ती ७५ ला चढली आणि २०२३ ला दिल्लीत जगज्जेती झाली. ती उंच आहे, म्हणून हा निर्णय बरोबर होता. बुटक्या मुलीला तोच सल्ला दिला असता तर चुकला असता.

आमचा मुलगा ५२ किलोंचा आहे. ५१ मध्ये उतरवू की ५७ मध्ये खेळवू?

आधी स्पर्धेचं परिपत्रक बघा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे गट ५१, ५७, ६३.५, ७१, ८०, ९२ आणि त्यावर असे होते. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नंतर गट बदललेत, आणि शालेय व कुमार स्पर्धांचे आणखी वेगळे असतात. मागच्या वर्षीच्या गटावर तयारी करून यंदा फजिती झालेली पोरं दर हंगामात दिसतात.

वरचेच गट धरले तर ५२ किलोंचा मुलगा ५७ मध्ये पाच किलो मागं असतो, म्हणजे जवळपास दहा टक्के. तेवढ्यात तीन राऊंडांची लढत हातची जाते. एक किलो उतरवून ५१ खेळणं सोपं, पण मुलगा १५-१६ वर्षांचा असेल आणि वर्षात चार-पाच सेंटीमीटर उंची वाढली असेल तर उतरवू नका. तो आपोआप ५५-५६ चा होणार आहे. त्या मधल्या वर्षात स्पर्धा कमी आणि जॅब-पायांचं काम जास्त. वाढ थांबलेल्या १९-२० वर्षांच्या, पाच फूट चार इंचांच्या मुलानं ५१ च धरावा.

वजन वाढवायचं तर किती वेगानं आणि काय खाऊन?

आठवड्याला पाव ते अर्धा किलो, जास्त नाही. ५४ वरून ५७ व्हायला आठ ते बारा आठवडे द्या. याहून वेगानं चढतं ती बहुतेक चरबी आणि पाणी.

रोजच्या जेवणापेक्षा ३०० ते ५०० उष्मांक जास्त लागतात आणि प्रथिनं शरीराच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम. ५४ किलोंच्या मुलाला म्हणजे दिवसाला ८६ ते १०८ ग्रॅम. महागडे डबे लागत नाहीत. तीन अंडी १८ ग्रॅम, म्हशीचं अर्धा लिटर दूध १८-१९, मूठ-दीडमूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२-१३, साठ ग्रॅम सुक्या मटकीची उसळ १३-१४, दीडशे ग्रॅम कच्चं चिकन ३०. ज्वारीच्या चार भाकरी धरल्या की शंभरी सहज ओलांडते. चिकन नसेल त्या दिवशी पनीर किंवा आणखी एक वाटी उसळ. सरावानंतर लगेच दोन केळी किंवा मूठभर तासगावचे बेदाणे.

तालमीतला खुराक जसाच्या तसा उचलू नका. रोज पावशेर तूप आणि लोटाभर थंडाई १२० किलोंच्या पैलवानाला पेलते, कारण त्याचा दिवस हजार-पाचशे जोर-बैठकांचा असतो. ५४ च्या बॉक्सरच्या ते कमरेवर बसतं.

दर पंधरा दिवसांनी चार गोष्टी वहीत लिहा: सकाळचं उपाशीपोटी वजन, बेंबीजवळचा कमरेचा घेर, एका दमातले पुलअप आणि बारा मिनिटांत धावलेलं अंतर. वजन वाढलं, घेर तोच, पुलअप फार घटले नाहीत, तर बरोबर चाललंय. घेर दोन सेंटीमीटरनं वाढला आणि अजिंक्यतारा चढताना दम लागायला लागला तर उष्मांक कमी करा. व्यायामात आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप, आणि मेडिसिन बॉल भिंतीवर आपटणं. मानेचा व्यायाम तीनदा, हलक्या वजनानं.

एक चूक फार दिसते. वजन वाढवायचं म्हणून धावणं बंद करतात. मग तिसऱ्या राऊंडला तोंड उघडं पडतं.

जड गड्याबरोबर स्पारिंग (सरावाची लढत) करून सवय होईल ना?

थोडी होते, पण मोजून. १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, माउथगार्ड. पाच-सहा किलोंपेक्षा जास्त फरक असेल तर जड गड्यानं डोक्यावर फक्त स्पर्श करायचा, जोर फक्त धडावर आणि तोही निम्मा. आठवड्यातून एकदा, तीन राऊंड. त्यात शिकायचं काय ते ठरवून उतरा: क्लिंचमध्ये त्याचं वजन अंगावर न घेता कडेनं निसटणं, किंवा दोरापासून फिरून बाहेर येणं. नुसतं "बघू काय होतं" म्हणून जड गड्यापुढं पोरगं उभं करणारा प्रशिक्षक बदला.

डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, प्रकाश सहन न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवसापासून स्पारिंग बंद आणि डॉक्टर. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशानं बाद झालेल्याला किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते. तोच नियम सरावालाही लावा, ठोसा घरच्याच पोराचा असला तरी.

वर जाण्यापेक्षा वजन उतरवून खालच्या गटात मोठं व्हावं, हा हिशेब बरा नाही का?

व्यावसायिकांत वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळं २४ तासांत पाणी भरून काढायला वाव मिळतो. तिथंही आयबीएफ पट्ट्याच्या लढतीत लढतीच्या दिवशी सकाळी दुसरं वजन घेते आणि गटाच्या मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त वाढ चालत नाही. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळीच वजन असतं आणि स्पर्धा चार-पाच दिवस चालते. उतरवलेलं वजन रोज धरून ठेवावं लागतं. शरीराच्या दोन टक्के पाणी गेलं तरी कामगिरी घसरते. ५४ किलोंच्या मुलाला म्हणजे फक्त एक किलो. पॅरिसमध्ये विनेश फोगट शंभर ग्रॅमसाठी अंतिम कुस्तीतून बाद झाली, हे सगळ्यांना आठवत असेल. १८ च्या खालच्या मुलांना प्लास्टिकचा सूट, थुंकणं, जुलाबाच्या गोळ्या हे काही म्हणजे काही करू देऊ नका.

तालमीतला ९०-९५ किलोंचा पैलवान थेट जड गटात बॉक्सिंग खेळू शकेल का?

मान, पकड, दमसास आणि कंबर तयार असते, त्यामुळं हलक्यातून चढवलेल्या बॉक्सरपेक्षा त्याचा पाया बरा. अडतं ते सवयींत. खांदे समोरासमोर ठेवून उभं राहणं, हात कमरेच्या उंचीवर, आणि पट काढायला वाकल्यासारखं डोकं पुढं घालणं. वाकलेल्या डोक्याची अपरकट (खालून वर येणारा ठोसा) वाट बघत असतो, शिवाय रेफ्री ताकीद देतो ती वेगळी. पहिले तीन महिने त्याला स्पारिंगला उभं करू नका. तिरकं उभं राहणं, जॅब टाकून हात गालाशी परत आणणं आणि दोरीवर उड्या, रोज तीन मिनिटांचे सहा राऊंड. हातांना साडेचार मीटरची पट्टी बांधायला शिकवा आणि मनगट सरळ राहतंय का ते बॅगवर तपासा. एवढ्या वजनाचा नवखा गडी पहिल्या महिन्यात मनगट किंवा करंगळीमागचं हाड दुखावून बसतो, कारण अंगात जोर आहे आणि मुठीला अजून दिशा नाही.